शेवटचा ग्लास कुणाच्या नावावर?

व्हर्मॉन्ट हे अमेरिकेतलं एक चिमुकलं राज्य. आपल्याकडे अमेरिका म्हटली की न्यूयॉर्क, न्यूजर्सी, कॅलिफोर्निया... ज्या भागात आपली मुलंमुली नोकरीला जातात तीच नावं आपल्याला पाठ. माझी भाची तिथं नोकरीला लागेपर्यंत व्हर्मॉन्ट नावाचं काही आहे हे आमच्या घरात कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कॅनडाच्या सीमेला टेकलेलं, डोंगराळ, दुधदुभत्याचं आणि मेपलच्या झाडांचं राज्य. त्यातलं सगळ्यात मोठं शहर बर्लिंग्टन. ‘सगळ्यात मोठं’ म्हणजे किती, तर वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास! आपलं एखादं तालुक्याचं गाव याहून मोठं असतं.

२०२४ च्या जून महिन्यात मी पंधरा दिवस तिथं होते. गाव वसलंय ते शॅम्प्लेन नावाच्या सरोवराच्या काठावर. सरोवर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कमळं आणि दगडी घाट येतो. हे सरोवर जवळजवळ १९० किलोमीटर लांब आहे. पलीकडच्या काठावर न्यूयॉर्क राज्याचे ॲडिरॉन्डॅक डोंगर, अलीकडे व्हर्मॉन्टचे हिरवे डोंगर. उन्हाळ्यात इथं पर्यटकांची रीघ. काठानं सायकलींचा रस्ता आहे, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पाण्याकडे तोंड करून टांगलेले लाकडी झोपाळे! आपल्या कोकणातल्या घराच्या पडवीत असतात ना, तसेच. जूनमध्ये रात्रीचे साडेआठ वाजले तरी सूर्य डोंगराआड गेलेला नसतो. म्हातारी जोडपी, लेकुरवाळ्या बाया, कॉलेजची पोरं, सगळी त्या झोपाळ्यांवर बसून सूर्यास्त बघत असतात. आणि एवढी माणसं बसूनही पायाखाली कुठं काच नाही. आपल्याकडे धरणाच्या काठी सहलीला गेलं की आधी मुलांना ‘चप्पल काढू नका रे’ म्हणून बजावावं लागतं, फुटक्या बाटल्यांमुळे. त्यामुळे हे माझ्या लगेच ध्यानात आलं.

तिसऱ्या दिवशी भाची म्हणाली, “मावशी, आज जेवायला ब्रूपबमध्ये जाऊ. बर्लिंग्टनला आलं आणि ब्रूपब बघितलं नाही, म्हणजे पंढरपूरला जाऊन...”

“पुरे,” मी म्हटलं. “पंढरपूर मध्ये आणू नकोस.”

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या मला ओळखतात त्यांना हसू येईल. गेली पंधरा वर्षं मी आणि आमच्या मंडळातल्या बाया तालुक्यातल्या गावांमधून दारूविरोधी काम करतो आहोत. रात्रीबेरात्री डोकं फुटलेल्या बाईला घेऊन दवाखान्यात जाणं, तिच्या नवऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवणं, दुकान बंद करण्यासाठी सह्या गोळा करणं ही आमची कामं. मी काय बघायला जायचं तिथं? पण भाची चिवट. “पिऊ नकोस. बघ तर खरी. तुझ्याच विषयातलं आहे,” म्हणाली. हे मात्र खरं होतं. ज्या गोष्टीविरुद्ध आपण उभ्या आहोत ती दुसरीकडे कशी नांदते, हे डोळ्यांनी बघायला काय हरकत?

ब्रूपब म्हणजे जिथं बीअर तयार होते तिथंच ती जेवणाबरोबर विकतात, अशी खानावळ. बर्लिंग्टनमधलं पहिलं ब्रूपब नोव्हेंबर १९८८ मध्ये सुरू झालं, ‘व्हर्मॉन्ट पब अँड ब्रुअरी’. ग्रेग नूनन आणि नॅन्सी नूनन या जोडप्यानं ते काढलं. त्याआधी त्या राज्यात बीअर करायची आणि तिथंच प्यायला द्यायची याला कायद्यानं परवानगीच नव्हती. ग्रेग नूनन यांनी तीन वर्षं विधिमंडळाचे उंबरे झिजवले, कायदा बदलून घेतला आणि मग दुकान उघडलं. आज अमेरिकेत अशा लहानमोठ्या बीअर कारखान्यांची संख्या नऊ हजारांच्या वर आहे. तो वारा आपल्याकडेही आलाय. पुण्यात ‘डूलाली’ २००९ मध्ये सुरू झालं.

आम्ही गेलो ते दुसरं, गल्लीतलं, धाकटं. आत शिरल्यावर पहिल्यांदा काय दिसावं? लहान मुलांच्या उंच खुर्च्या! दाराशीच ओळीनं मांडून ठेवलेल्या. बार म्हटल्यावर आपल्या मनात जे चित्र असतं, म्हणजे काळ्या काचा, पडदा, आत लाल दिवा आणि बाहेर घुटमळणारी पोरं, त्यातलं इथं काहीच नव्हतं. मोठमोठ्या खिडक्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतला माणूस काय खातोय तेही दिसावं. शेजारच्या टेबलावर आजी-आजोबा, मुलगा-सून आणि एक तीनेक वर्षांची चिमुरडी. तिच्यापुढे रंगखडू आणि चित्राचा कागद. आजोबांपुढे बीअरचा ग्लास, आजींपुढेही. सूनबाई लिंबूपाणी पीत होत्या, कारण गाडी त्या चालवणार होत्या. हे मला नंतर कळलं. घरातून निघतानाच ठरतं म्हणे, आज कोण पिणार नाही ते.

आता ही चिमुरडी रोज आजोबांना पिताना बघणार, मग तिला त्याचं काही वाटेनासं होणार. हा विचार माझ्या मनात आला आणि तो अजूनही गेलेला नाही. उजेडात प्यायली म्हणून दारूची काही लस्सी होत नाही. पण अंधारात, घाईघाईनं, उभ्याउभ्या घशात ओतून घरी येणाऱ्या माणसाची बायको-पोरं रोज काय बघतात तेही मला ठाऊक आहे. दोन्ही चित्रं एकाशेजारी एक ठेवून बघावी लागतात.

मी काय घेतलं? यादीत ‘रूट बीअर’ वाचून मी नाक मुरडलं, तर भाची हसायला लागली. रूट बीअरमध्ये दारूचा थेंब नसतो. नावाला बीअर, प्रत्यक्षात मुळ्या-सालींच्या स्वादाचं गोड सरबत. चव थेट आपल्या दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या मलमासारखी! अर्धा ग्लास संपवला, उरलेला भाचीला दिला. ती स्वतः लहान लहान चार ग्लासांचा एक संच घेऊन बसली होती. एकेका ग्लासात चार घोट. फिकट पिवळी, तांबूस, गढूळ केशरी आणि काळी कॉफीसारखी. पूर्ण ग्लास न घेता चवीपुरती घ्यायची असेल तर अशी सोय असते.

काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या होत्या आणि त्यांच्यामध्ये रबरी बूट घालून, हातात पाइप घेऊन एक बाई फरशी धूत होती. मला वाटलं, सफाईला असेल. तर तीच तिथली बीअर बनवणारी! पन्नाशीच्या आतबाहेरची. आम्ही कुतूहलानं बघतोय म्हटल्यावर तिनं हातानं बोलावलं. “या कामातला मोठा भाग धुण्यापुसण्याचाच आहे,” ती म्हणाली. माझी आणि तिची तिथंच गट्टी जमली.

तिनं सांगितलेली कृती ऐकताना मला सारखं आपलं स्वयंपाकघर आठवत होतं. जव भिजत घालायचे. मोड आणायचे. मोड आले की ते वाळवायचे, भाजायचे, भरडायचे. आपण बाळासाठी नाचणीला मोड आणून पीठ करतो, अगदी तसं. ती भरड साधारण पासष्ट अंश गरम पाण्यात तासभर ठेवली की धान्यातल्या पिठाची साखर होते आणि पाणी गोड होतं. ते गाळून उकळायचं. उकळताना त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं टाकायची. ती कडू असतात, बीअर टिकते आणि कडवट लागते ती त्यांच्यामुळे. मग गार करून यीस्ट घालायचं, आणि ते गोड पाणी दहा-पंधरा दिवसांत आंबतं. उरलेला धान्याचा चोथा फेकत नाहीत, जवळच्या गोठ्यात गाईंना जातो. तिनं मूठभर भाजके जव माझ्या हातावर ठेवले. खाऊन बघितले, फुटाण्यासारखे खमंग होते.

“हे बायकांचंच काम होतं पूर्वी,” ती म्हणाली. आणि ते खरंच आहे. प्राचीन सुमेर संस्कृतीत बीअरची देवताच होती, निंकासी नावाची देवी. मध्ययुगात इंग्लंडमध्ये भाकरीसारखीच बीअरही घराघरात बायकाच करायच्या, उरलेली विकायच्या. पुढं धंदा मोठा झाला, भांडवल लागायला लागलं आणि तो पुरुषांच्या हातात गेला. आता अमेरिकेत बीअर बनवणाऱ्या बायकांची ‘पिंक बूट्स सोसायटी’ नावाची संघटना आहे, २००७ मध्ये टेरी फॅरेनडॉर्फ यांनी सुरू केलेली. बायका परत या धंद्यात आल्या याचा आनंद मानायचा की काय करायचं, मला नीट ठरवता येईना. आपल्याकडेही हातभट्टीवर बायका आहेतच. पोटासाठी आहेत. त्यांचं कौतुक करावं असं मला कधी वाटलं नाही आणि त्यांच्यावर दगड उचलावा असंही वाटलं नाही.

एक फरक मात्र मोठा आहे. त्या बाईच्या बीअरमध्ये अल्कोहोलचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे सरकारी परवान्यानं विकली जाणारी देशी दारू असते ती जवळजवळ ४२ टक्के! आणि तीही उपाशीपोटी, दिवसभर राबून आलेल्या अंगात जाते. त्यामुळे ‘अमेरिकेत बघा कसे सगळे मजेत पितात’ असं कुणी म्हणालं तर आधी हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवावेत.

आम्ही टेबलावर परतलो आणि ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो प्रसंग त्यानंतर घडला.

पलीकडे चार-पाच पुरुषांचं टोळकं बसलं होतं, पर्यटक असावेत. त्यातल्या एकाचा आवाज चढायला लागला होता. त्यानं रिकामा ग्लास उचलून वाढणाऱ्या मुलीला खूण केली. ती मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, अंगानं चिपाडासारखी. ती गेली आणि परत आली ती पाण्याचा मोठा ग्लास घेऊन. त्याच्यापुढे ठेवला आणि शांतपणे काहीतरी म्हणाली. तो हात उडवून काही बोलला. ती परत तेच म्हणाली, जागची हलली नाही. मी तर श्वास रोखून बघत होते. आमच्याकडे अशा वेळी पुढं काय होतं ते मी पाहिलंय. पण इथं काहीच झालं नाही! मित्रांनी त्याला खाली बसवलं, बटाट्याचे तळलेले काप मागवले आणि प्रकरण मिटलं.

“काय म्हणाली ती?” मी विचारलं.

“‘आज मी तुम्हाला आणखी देऊ शकत नाही’ म्हणाली.”

“मालक रागावणार नाही? धंदा बुडवला म्हणून?”

“दिली असती तर रागावला असता,” भाची म्हणाली. आणि तिनं मोबाइलवर व्हर्मॉन्टचा कायदा काढून मला वाचून दाखवला. मी तिला तो दोनदा वाचायला लावला. मग हळूहळू मराठीत सांग म्हटलं आणि वहीत उतरवून घेतला.

त्या कायद्यानुसार, दारू वाढणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि दर दोन वर्षांनी ते परत करावं लागतं. माणसाला चढलेली कशी ओळखायची, त्याला नाही कसं म्हणायचं, हे शिकवतात. एकवीस वर्षांखालच्याला द्यायची नाही. आणि पुढचं कलम तर नीट ऐका. नशा चढलेल्या माणसाला कुणी आणखी दारू दिली, आणि त्या माणसामुळे कुणाच्या जिवाला, मालमत्तेला किंवा चरितार्थाला धक्का पोचला, तर ज्यानं दारू दिली त्याच्यावर भरपाईचा दावा लावता येतो. हा दावा कोण लावू शकतं याची यादीच दिलीय. यादीत पहिलंच नाव आहे जोडीदाराचं, म्हणजे बायकोचं किंवा नवऱ्याचं. मग मुलं. मग पालक, नोकरी देणारा आणि इतर कुणीही. आणि दावा स्वतःच्या नावानं लावायचा, नवऱ्याच्या मार्फत नव्हे.

चरितार्थाला! म्हणजे केवळ गाडीखाली कुणी सापडलं तरच नव्हे. दारूच्या पायी कमावता हात निकामी झाला, घरात येणारं थांबलं, तरी बायको दारू देणाऱ्याला कोर्टात उभं करू शकते. हे कलम काही कालपरवाचं नाही, शंभराहून अधिक वर्षं जुनं आहे. अमेरिकेतल्या इतर कितीतरी राज्यांतही असे कायदे आहेत.

एवढा जुना कायदा कुठून आला असेल? थोडं वाचलं तर लक्षात आलं की हे राज्य दारूबंदीतून चांगलं तावून सुलाखून निघालेलं आहे. १८५३ पासून पन्नास वर्षं व्हर्मॉन्टमध्ये राज्यभर दारूबंदी होती. चोरून विक्री होतच होती, आपल्याला ते नवीन नाही. १९०३ पासून त्यांनी नवी पद्धत आणली. प्रत्येक गावानं आपल्यापुरतं मतदान करायचं, दारू विकायला परवानगी द्यायची की नाही. वाचताना मी चमकले. ही तर आपली ‘उभी बाटली, आडवी बाटली’! फरक इतकाच की तिथं त्या मतदानात बायकांना मत नव्हतं. मार त्यांनी खायचा, पोरं त्यांनी सांभाळायची आणि दुकान ठेवायचं की नाही हे पुरुषांनी ठरवायचं. अमेरिकेत बायकांना मताचा हक्क १९२० मध्ये मिळाला.

मत नव्हतं म्हणून बायका गप्प बसल्या नव्हत्या. १८७४ मध्ये त्यांनी ‘वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ ही संघटना उभारली. पुढं फ्रान्सेस विलार्ड या तिच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांनी दारूबंदीला बायकांच्या मताधिकाराशी जोडलं. आणि या सगळ्याची गोष्ट मराठीत पहिल्यांदा कुणी सांगितली ठाऊक आहे? पंडिता रमाबाईंनी! आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी म्हणून रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८८ पर्यंत राहिल्या. त्या विलार्डबाईंना भेटल्या, त्यांच्या संघटनेचं काम जवळून पाहिलं आणि परत आल्यावर ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या १८८९ च्या पुस्तकात ते मराठी वाचकांपुढे ठेवलं. बी. ए. ला असताना मला रमाबाईंवर पाच गुणांची टीप लिहायला असायची. त्यात हे काही नव्हतं.

पुढं १९२० ते १९३३ अख्ख्या अमेरिकेत दारूबंदी झाली. ती आणण्यात बायका पुढं होत्या आणि उठवण्यातही! पॉलिन सेबिन यांनी १९२९ मध्ये बंदी उठवण्यासाठी बायकांची संघटना काढली. बंदीमुळे चोरटा धंदा आणि गुंडगिरी बोकाळली, मुलांना दारू जास्तच सहज मिळायला लागली, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये बायकांनी पायी मोर्चे काढून ती मिळवली आणि २०२१ मध्ये सरकारनं उठवली. दोन्हीकडच्या कार्यकर्त्या आपापल्या जागी पोटतिडकीनं बोलतात. मी बंदीच्या बाजूची आहे आणि राहीन. पण बंदी असो वा नसो, विकणारा कुणाला जबाबदार असतो हा प्रश्न उरतोच.

व्हर्मॉन्टमध्ये सगळं आलबेल आहे असं सांगायला मी बसलेले नाही. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं तिथंही आहेत. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही १९३५ मध्ये सुरू झालेली चळवळ, जिच्या बैठका आज आपल्या जिल्ह्याच्या गावांतही भरतात, तिचे दोन्ही संस्थापक याच राज्यात जन्मलेले. डॉ. बॉब स्मिथ १८७९ मध्ये सेंट जॉन्सबरी गावात आणि बिल विल्सन १८९५ मध्ये ईस्ट डॉर्सेटमध्ये, तेही एका हॉटेलच्या बारमागच्या खोलीत! दोघेही स्वतः दारूत बुडालेले, एकमेकांच्या आधारानं बाहेर आले. विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी पुढं १९५१ मध्ये ‘अल-अनॉन’ सुरू केलं, दारुड्यांच्या घरच्यांसाठी. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं. तिथंही बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. नवरा सुधारतो तेव्हा सुधारतो, तोवर बायकोनं कसं उभं राहायचं, हे कुणीतरी बघायला हवंच.

पण आपल्या कायद्याचा भार कुणावर आहे ते बघा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवाना पिणाऱ्यालाही लागतो, विकत घेण्याचा, बाळगण्याचा, पिण्याचा. तो किती जणांच्या खिशात असतो ते तुम्हीच आठवा. साधी बीअर एकविसाव्या वर्षापासून आणि कडक दारू पंचविसाव्यापासून, असा नियम आहे. तो दुकानाच्या पाटीवर असतो. आणि दुकान नको असेल तर? २००८ च्या नियमानुसार गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या गोळा करायच्या. कुणी? आम्ही. त्या सह्यांची पडताळणी होणार. मग गुप्त मतदान. त्यात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. झालेल्या मतांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या नावांच्या निम्मी! म्हणजे जी ऊसतोडीला गेलीय, जी बाळंतपणाला माहेरी आहे, जिला नवऱ्यानं त्या दिवशी घरात कोंडून ठेवलंय, त्या सगळ्या जणू दुकानाच्याच बाजूनं.

आमच्या एका गावात आम्ही हे मतदान करून घेतलं. आदल्या रात्री काही घरांत साड्या पोचल्या, काही घरांत धमक्या. सकाळी एक बाई आली, तिचा डावा हात गळ्यात बांधलेला. “उजवा शाबूत हाय ताई, शिक्का मारता येतोय,” म्हणाली. मतमोजणीत आडवी बाटली जिंकली. फटाके वाजले, आम्ही रडलो. दुकान बंद झालं. पण त्याआधी ज्या दुकानातून तिच्या नवऱ्याला रोज, उधारीवर, उभं राहता येत नसतानाही बाटली मिळत होती, त्या मालकाला कुणीही काही विचारलं नाही. त्यानं शेजारच्या तालुक्यात दुसरं दुकान पाहिलं. बायकोनं विकणाऱ्यावर भरपाईचा दावा लावावा असं कलम आपल्या दारूबंदीच्या कायद्यात नाही.

त्या रात्री बर्लिंग्टनमध्ये जेवण झाल्यावर आम्ही परत सरोवराकडे गेलो. झोपाळे भरलेले होते म्हणून धक्क्यावर उभ्या राहिलो. भाची म्हणाली, “पण मावशी, असा कायदा आपल्याकडे आला तर चालेल? साक्षीदार कोण होणार? वकिलाला पैसे कोण देणार?” प्रश्न बरोबर होते. तिथंसुद्धा असे दावे सोपे नसतात, दारू देताना त्या माणसाला चढलेली दिसत होती हे सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे तर देशी दारूच्या दुकानात पावतीच मिळत नाही. तरीही त्या चिपाडासारख्या पोरीचं ‘नाही’ माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ती काही फार धीट होती असं नव्हे. तिच्यामागं कायदा उभा होता, म्हणून मालक उभा होता आणि म्हणून तिला पोलिसांची वाट बघावी लागली नाही.

परत आल्यावर मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. बीअरच्या कृतीला बाया खूप हसल्या, ‘नाचणीच्या सत्त्वाची सवत’ असं तिचं नावही ठेवलं. कलम मात्र त्यांनी गंभीरपणे ऐकलं. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी वहीत मुद्दे काढले. देशी दारूच्या प्रत्येक विक्रीची पावती. नशेत असलेल्याला विकलं तर परवाना निलंबित. काउंटरवरच्या माणसाला प्रशिक्षण. आणि बायको-मुलांना भरपाईचा हक्क. या मुद्द्यांचं निवेदन आमदारांना द्यायचं ठरलंय, सह्यांची मोहीम सुरू केलीय. तुमच्या गावात असं काम कुणी करत असेल तर हे मुद्दे घ्या, त्यात तुमचे घाला.

यावर सगळ्यात जास्त वाद झाला तो भरपाईच्या पैशांवरून. एक म्हणाली, पैसे मिळाले की नवरा तेच घेऊन परत दुकानात जाईल. दुसरी म्हणाली, बँकेत ठेवा, मुलांच्या नावानं. मागं बसलेली एक म्हातारी बराच वेळ गप्प होती. तिनं विचारलं, “त्या कायद्यात दावा कुणाच्या नावानं लावायचा म्हणलीस?”

“बायकोच्या स्वतःच्या,” मी म्हटलं.

“मग खातं बी तिचंच,” ती म्हणाली. शिक्षिकाबाईंनी तो पाचवा मुद्दा म्हणून लिहून घेतला.